डिझेलच्या ट्रॅक्टरची ऊब

बैलास सकाळीं उठवावयास फारशी खटपट लागत नाहीं. गव्हाणींत कडब्याच्या चार पेंढ्या टाकल्या आणि पाठीवर हात फिरविला कीं तो उभा राहतो. बाहेर धुकें असो कीं दंव असो. बैलाच्या जागीं यंत्र आलें तेव्हां शेतकऱ्यापुढें एक नवाच प्रश्न उभा राहिला. धनी जागा आहे, काम तयार आहे, दिवस उजाडला आहे. पण काम करणारा मात्र हालावयास तयार नाहीं! ट्रॅक्टरचा इतिहास सांगणारे त्याच्या अश्वशक्तीविषयीं, नांगरटीविषयीं आणि त्यासाठीं काढलेल्या कर्जाविषयीं पुष्कळ सांगतात. सकाळच्या या अडवणुकीविषयीं, आणि तिच्यावर योजलेल्या एका बोटाएवढ्या उपकरणाविषयीं, सहसा कोणी बोलत नाहीं. इंग्रजींत त्याला ग्लो प्लग म्हणतात. ड्रायव्हर आणि मिस्त्री त्याला सरळ हीटर म्हणतात, आणि तेंच नांव येथें सोयीचें आहे.

हीटरची ही कथा धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भांत सांगूं गेल्यास प्रथमच एक कोडें पुढें येतें. हा जिल्हा बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. निजामी अमदानींत त्याचें नांव नळदुर्ग जिल्हा असें होतें. १९०४ मध्यें मुख्य ठाणें नळदुर्गाहून धाराशिवास आलें, आणि पुढें निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून गांवास व जिल्ह्यास उस्मानाबाद हें नांव पडलें. १९८२ मध्यें लातूर जिल्हा यांतून वेगळा झाला, आणि २०२३ मध्यें धाराशिव हें जुनें नांव सरकारी कागदांवर परत आलें. नांवें बदललीं, हवा मात्र तीच राहिली. येथील उन्हाळा कडक आणि थंडी बेताची. मार्गशीर्ष-पौषांत पठारावर पहांटे गारठा पडतो, तेरणेच्या व मांजरेच्या कांठीं धुकें उतरतें, एखाद्या लाटेंत पारा एक आंकडी होतो. परंतु पाणी गोठावें अशी थंडी या भागाच्या अनुभवाची नव्हे. मग ज्या भूमीस बर्फाची ओळख नाहीं, त्या भूमींत इंजिनाच्या पोटांत शेगडी ठेवण्याची गरज कां पडावी? आणि पडली असेल तर ती शेगडी पुढें नाहींशी कां झाली?

याचें उत्तर इंजिनाच्या स्वभावांत आहे. पेट्रोलच्या इंजिनांत विजेची ठिणगी पडते आणि इंधन पेटतें. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. तेथें केवळ हवा कोंडून दाबली जाते आणि त्या दाबानेंच ती तापते. सायकलींत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हाताला चटका देतें, हें शाळेंतल्या पोरासहि ठाऊक असतें. डिझेलचें सारें शास्त्र त्या चटक्यांत आहे. हवा सोळापट किंवा त्याहून अधिक दाबली कीं तिची उष्णता पांचशें अंशांच्या वर जाते, आणि त्या क्षणीं नॉझलमधून तेलाचा बारीक फवारा आंत सोडला कीं तो आपोआप पेटतो. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९३ मध्यें आउग्सबुर्ग येथें या कल्पनेची पहिली चाचणी घेतली, आणि १८९७ मध्यें त्याचें इंजिन समाधानकारक चालूं लागलें. १९०० च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत असें एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें. भुईमूग आणि करडई पिकविणाऱ्या धाराशिवकडील शेतकऱ्यास ही हकीकत गंमतीची वाटेल. मात्र आज खाद्यतेलाचा भाव पाहतां तो प्रयोग कोणी करूं धजणार नाहीं.

आतां अडचण कोठें येते तें पाहावें. हवा जर मुळांतच गार असेल तर दाबल्यावरहि ती कमी तापणार. आरंभींच्या हवेंत बावीस अंशांचा फरक असेल, म्हणजे दुपारीं तीस अंश आणि पहांटे आठ अंश, तर दाबाच्या शेवटीं तो फरक हिशेबानें साठ-पासष्ट अंशांचा होतो. शिवाय इंजिन लोखंडाचें. रात्रभर गारठलेल्या त्या जाड भिंती हवेंतली ऊब शोषून घेतात. वंगणाचें तेल दाट होतें, म्हणून इंजिन जड फिरतें. गारठ्यांत बॅटरीचा जोर कमी होतो, म्हणून तें आणखी सावकाश फिरतें. आणि सावकाश फिरलें कीं दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटावयास सवड मिळते. हीं सगळीं कारणें एकमेकांचा हात धरून येतात. एकटी थंडी क्वचितच इंजिन अडवते.

डिझेलच्याहि आधीं इंग्लंडांत हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट याने तेलाच्या इंजिनाचा एक निराळा मार्ग काढला होता, आणि १८९२ पासून ग्रॅन्थम येथील हॉर्न्सबी कंपनी तीं इंजिनें करूं लागली. त्यांत दाब अगदीं थोडा असे. तेल पेटवावयास सिलिंडरच्या डोक्यावर एक लोखंडी गोळा असे, आणि तो बाहेरून दिव्याच्या ज्योतीनें लाल होईपर्यंत तापवावा लागे. एकदां इंजिन चालूं झालें कीं गोळा स्वतःच्याच धगीनें तापलेला राही. त्या काळीं गिरणीचा चालक सकाळीं येई तो प्रथम दिवा पेटवी, पांच-दहा मिनिटें वाट पाही, आणि मग फ्लायव्हीलला हात घाली. जर्मनींतील मानहाइम येथील लांझ कंपनीनें १९२१ मध्यें काढलेला बुलडॉग ट्रॅक्टर याच जातीचा होता. त्याचा गोळा ब्लोलँपनें तापवीत, मग ट्रॅक्टरचें स्टिअरिंगचें चाक उपसून फ्लायव्हीलच्या मध्यावर बसवीत, आणि झोका देऊन इंजिन चालूं करीत. इंग्लंडमधील मार्शल कंपनीच्या फील्ड मार्शल ट्रॅक्टरची तऱ्हा याहून मौजेची. सोऱ्यांत बुडवून वाळविलेल्या कागदाची गुंडाळी पेटवून ती धुमसत असतांना सिलिंडरच्या डोक्यांत खुपसावयाची आणि मग हँडल मारावयाचें. अमेरिकेंतील कॅटरपिलर कंपनीच्या पट्ट्यावर चालणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरांत तर डिझेल इंजिनास उठवावयास पेट्रोलचें एक छोटें इंजिनच शेजारीं बसविलेलें असे. धाकट्यानें थोरल्यास जागें करावें, आणि जागें करतां करतां आपल्या धुराड्याच्या धगीनें त्याच्या श्वासाची हवाहि तापवावी, अशी ती योजना होती.

धाराशिवच्या शेतकऱ्याची डिझेलशीं पहिली ओळख झाली ती मात्र ट्रॅक्टरमुळें नव्हे, तर विहिरीवरील इंजिनामुळें. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्यें उभा राहिला आणि त्याचा लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेला. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यांत नांगरांमागून डिझेल इंजिनें होऊं लागलीं. १९४६ मध्यें पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. विलायतेहून आलेलीं लिस्टर आणि पीटर हीं इंजिनें तर खेड्यांत इतकीं रुळलीं कीं कित्येक ठिकाणीं कोणत्याहि इंजिनास लोक पीटर म्हणूं लागले. हीं इंजिनें हातानें चालूं होत. डोक्यावरील दांडा उचलून दाब सोडून द्यावयाचा, हँडलनें जड फ्लायव्हील वेगांत आणावयाचें, आणि मग दांडा एकदम पाडावयाचा. जुन्या लिस्टरला आणखी एक चाकाचा खुंट असे. तो आवळला कीं हवेची एक जादा कोठडी बंद होऊन सुरवातीपुरता दाब वाढे. येथें हीटर नव्हता, बॅटरीहि नव्हती. मनुष्याचा दंड हीच बॅटरी. गारठ्याच्या दिवसांत हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी द्यावयाचें असलें म्हणजे किटलीभर कढत पाणी इंजिनाच्या पाण्याच्या कोठींत ओतीत, किंवा हवेच्या तोंडांतून वंगणाचे चार थेंब सोडीत, म्हणजे रिंगा भरून येऊन दाब धरे. या दोन्ही युक्त्या शास्त्राला धरून आहेत. ज्यांनीं त्या काढल्या त्यांनीं उष्णतेचें शास्त्र वाचलेलें नव्हतें.

ट्रॅक्टरची गरज या मुलुखाला दुसऱ्याच कारणानें भासली होती. काळ्या जमिनींत हरळी आणि कुंदा हीं तणें माजतात. त्यांचीं मुळें खोल जातात, आणि तीं उपटावयास आठ-आठ, दहा-दहा बैलांचे जड नांगर धरावे लागत. इतकी बैलजोडी ज्याच्या दावणीला नसे त्याचें शेत हरळीच्या हवालीं होई. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धांतून उरलेले अमेरिकन ट्रॅक्टर हाताशीं होते. त्यांवर केंद्र सरकारनें ट्रॅक्टर संघटना उभी केली, आणि १९४९ मध्यें जागतिक बँकेनें शेतीच्या यंत्रांसाठीं भारतास एक कोटि डॉलरांचें कर्ज दिलें. तें काम मुख्यतः मध्य हिंदुस्थानांतील कांस गवत काढण्याचें होतें. धाराशिव त्या वेळीं नुकताच निजामाच्या राज्यांतून मोकळा झालेला. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान विलीन झालें, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९६० मध्यें महाराष्ट्र झाला. सामान्य शेतकऱ्याच्या वाड्यांत ट्रॅक्टर शिरावयास आणखी कांहीं वर्षें जावयाचीं होतीं.

तो शिरला तेव्हां आपल्या पोटांत हीटर घेऊन शिरला. १९६३ मध्यें महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनीं मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली, आणि १९६५ मध्यें मुंबईच्या कांदिवली येथून बी-२७५ हा ट्रॅक्टर बाहेर पडला. १९७७ मध्यें ही कंपनी महिंद्रमध्यें विलीन झाली. बी-२७५ चा मूळ आराखडा येथला नव्हता. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इंग्लंडांतील शाखेनें यॉर्कशायर परगण्यांतील ब्रॅडफर्ड येथें तो ट्रॅक्टर १९५८ पासून चालविला होता. त्या परगण्यांत हिंवाळ्यांत शेतें गोठतात. कोड्याचें अर्धें उत्तर येथें सांपडतें. यंत्र परदेशांतून आलें, आणि परदेशाची थंडी आपल्याबरोबर घेऊन आलें.

परंतु हें अर्धेंच उत्तर. दुसरें अर्धें इंजिनाच्या घडणींत आहे, आणि तें अधिक महत्त्वाचें आहे. डिझेलच्या पहिल्या इंजिनांत तेलाचा फवारा उडवावयास दाबलेल्या हवेचा मोठा सरंजाम लागे, त्यामुळें तें इंजिन गाडीवर किंवा ट्रॅक्टरवर चढविणें अशक्य होतें. १९०९ मध्यें जर्मनींतील बेंझ कंपनीचा अभियंता प्रॉस्पर लोरांज याने यावर तोड काढली. सिलिंडरच्या डोक्यांत एक छोटी उपकोठडी ठेवावयाची, तेल तींत सोडावयाचें, तेथें तें अर्धवट पेटावें आणि त्या भडक्यानें उरलेलें तेल मुख्य सिलिंडरांत फेंकलें जाऊन चांगलें मिसळावें. या योजनेनें पंप हलका झाला, इंजिन लहान झालें, आवाज मऊ झाला. १९२३ च्या सुमारास बेंझ-झेंडलिंग या जोड नांवाचा डिझेल ट्रॅक्टर निघाला तो अशाच इंजिनाचा. मात्र उपकोठडीचा एक दोष होता. लहान भांड्यांतलें पाणी जसें लौकर निवतें तशी लहान कोठडींतली हवा लौकर निवते, कारण तिच्या मानानें भिंती फार. चालूं इंजिनांत भिंतीच तापलेल्या असतात, म्हणून अडत नाहीं. परंतु रात्रभर थांबलेल्या इंजिनांत, आणि तें रात्रभर थांबलेलें इंजिन मुंबईंतलें असलें तरीहि, ती कोठडी तेल पेटूं देत नाहीं. म्हणून उपकोठडीच्या इंजिनास सुरवातीला बाहेरून ऊब उसनी द्यावी लागते. आणि ही ऊब देण्यासाठीं विजेच्या तारेचें एक वेटोळें त्या कोठडींतच बसविलें. तोच हीटर. धाराशिवास बर्फ पडत नसूनहि तेथील ट्रॅक्टरला शेगडी कां लागली याचें पुरतें उत्तर हें आहे. थंडी बाहेर नव्हती. ती घडणींतच होती.

बी-२७५ च्या इंजिनांत चार सिलिंडर, म्हणून चार हीटर. ते एकामागून एक अशा सरींत जोडलेले असत, आणि बारा व्होल्टची बॅटरी त्या सर्वांत वांटली जाऊन प्रत्येकाच्या वांट्यास दोन व्होल्टहि येत नसत. उरलेला भार सोसावयास ड्रायव्हरसमोरच्या फळीवर जाळीआड आणखी एक वेटोळें असे. किल्ली हीटरच्या खुणेवर फिरवून धरावयाची. पंधरा-वीस सेकंदांत फळीवरचें वेटोळें लाल होऊं लागे. तें लाल झालें म्हणजे आंतलेहि लाल झाले असें समजावयाचें, आणि मग किल्ली पुढें फिरवून सेल्फ मारावयाचा. ही रचना फार सुटसुटीत होती, कारण आंतली धग डोळ्यांना बाहेर दिसे. दिवाळीच्या नरकासुराची पहांट असो कीं संक्रांतीची, तें लालबुंद वेटोळें ड्रायव्हरची पहिली चूल होय.

सरींतल्या जोडणीचा एक तोटा मात्र थोड्याच काळांत कळून आला. चारांपैकीं एकाची तार जळाली कीं बाकीचे तीनहि गार. समोरचें वेटोळेंहि पेटत नसे, त्यामुळें दोष कोणत्या हीटरचा तें शोधावयास एकेक काढून पाहावा लागे. तालुक्याच्या गांवीं सुटा भाग मिळेलच असें नव्हे. मग मिस्त्री एक युक्ती करी. जळालेल्या हीटरला तारेनें वळसा घालून उरलेल्या तिघांतून वीज पुढें नेई. काम चाले, पण एकाचा भार तिघांवर पडल्यानें तेहि लौकर जळत. असें होतां होतां चारी हीटर गेले कीं धनी म्हणे, ‘जाऊं द्या, आपल्याकडे कुठें एवढी थंडी आहे!’ हें वाक्य खोटें नव्हतें. भर दुपारीं, इंजिन एकदां चालूं झाल्यावर, तें पूर्ण खरें होतें. तें खोटें ठरे पहांटे पांच वाजतां.

आणि पहांटे पांचचें काम या जिल्ह्यांत वाढतच गेलें. १९७२ च्या दुष्काळानें जनावरांची दैना केली. पुढें धरणांचें पाणी फिरूं लागलें, तेरणेवर माकणी येथें मोठें धरण झालें, आणि ऊंस वाढला. ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना, आणि मग इतर कारखाने, यांच्याभोंवतीं ट्रॅक्टरला नवाच धंदा मिळाला. नांगरट उन्हाळ्यांतली, तिला हीटरची गरज नसे. परंतु उंसाचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत चालतो. म्हणजे वर्षांतली सारी थंडी नेमकी त्याच हंगामांत येते. फडांतून दोन ट्रॉल्या भरून निघालेला ट्रॅक्टर कारखान्याच्या कांट्यासमोर रांगेंत उभा राहतो. नंबर यावयास कधीं रात्र उलटते. ड्रायव्हर इंजिन बंद करून घोंगडी पांघरतो. पुढची गाडी दहा पावलें सरकली कीं यानेंहि चालूं करून दहा पावलें सरकावें, आणि पुन्हां बंद करावें. दर खेपेस सेल्फ बॅटरींतून पुष्कळ वीज खातो, हीटर चांगला असेल तर तोहि खातो, आणि मिनिटभर चाललेलें इंजिन त्यांतलें फारच थोडें परत करतें. पहाट होईतों बॅटरी उतरलेली असे. दोष थंडीच्या माथीं जाई. पण खरा दोष रांगेचा होता.

मग धक्क्याची पाळी येई. पठाराच्या घाटमाथ्यावरील गांवांत उतार पुष्कळ, तेथें ट्रॅक्टर उतारावर लावण्याची रीत पडली. तेरणाकांठच्या सपाट शिवारांत घराशेजारीं मातीचा उंचवटा करून त्यावर पुढचें तोंड खालीं करून तो ठेवीत. तेंहि न साधलें तर दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळीनें बांधून ओढावयाचें. ओढणारा जरा जोरांत निघाला किंवा ओढला जाणारा वेळेवर क्लच दाबावयास चुकला तर काय होतें तें सांगावयास नको. ट्रॅक्टर पुढून उचलला जातो, उलटतो, आणि त्याच्याखालीं मनुष्य सांपडतो. ज्या घरांत असा प्रसंग घडला त्या घराला हीटरची किंमत विचारावी.

दुसरी रीत बोळ्याची. डिझेलमध्यें चिंधी भिजवून, काठीला बांधून, ती पेटवून एअर क्लीनरच्या तोंडाशीं धरावयाची, म्हणजे इंजिन गरम हवा ओढतें. तत्त्व बरोबर आहे. किंबहुना कांहीं विलायती ट्रॅक्टरांत याच तत्त्वावर हवेच्या नळींत डिझेलचे थेंब पेटविणारा एक विजेचा हीटर मुळांतच बसविलेला असे, आणि तो उत्तम काम देई. पण त्या उपकरणांत थेंबांचें माप असतें, बोळ्याला माप नाहीं. क्लीनर काढून बोळा धरला तर जळक्या चिंधीची राख आणि किटाळें आंत जातात आणि सिलिंडर घासतात. आज सकाळ साधते, आणि पुढच्या वर्षीं रिंगा झिजून दाब आणखी घटतो. क्लीनर तसाच ठेवला तर त्याच्या तळाशीं तेल असतें, तें पेट घेऊं शकतें. आणि हें सर्व कोठें? भोंवतीं वाळलेलें पाचट पसरलेलें, मागें उंसानें भरलेल्या ट्रॉल्या. ईथरचा फवारा बाजारांत आल्यावर तोहि कित्येकांनीं हवेच्या नळींत मारावयास आरंभ केला. ईथर फार थोड्या उष्णतेवर भडकतो. आंत हीटर तापलेला असतांना तो मारला तर भडका वेळेआधीं होऊन पिस्टनच फुटतो. म्हणून ज्या इंजिनास हीटर आहे त्याला ईथर वर्ज्य, हा नियम जाणते मिस्त्री कटाक्षानें पाळीत.

या जिल्ह्यापुरतें पाहतां हीटरला आणखी एक गुण होता, आणि त्याकडे पुष्कळांचें दुर्लक्ष झालें. येथली थंडी वर्षानुवर्षें सारखीच बेताची. तेव्हां ज्या ट्रॅक्टरला गेल्या पौषांत पंधरा सेकंद हीटर पुरत असे त्याला यंदाच्या पौषांत चाळीस लागत असतील, तर थंडी वाढलेली नाहीं. इंजिन म्हातारें झालें आहे. रिंगा, व्हॉल्व्ह, नॉझल यांपैकीं कांहींतरी झिजलें आहे, किंवा पाइपांत हवा धरली आहे. शिमला-काश्मीरकडे हा अंदाज करतां येणार नाहीं, कारण तेथें थंडीच रोज वेगळी, आणि कडाका वाढला तर डिझेलमधलें मेणच थिजून नळ्या बुजतात. धाराशिवास तसें होत नाहीं. म्हणून येथें हीटर हा वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखा होता. नाडी पाहणारे थोडे, आणि बोळा पेटविणारे फार, असा तो काळ गेला.

मग हीटर गेला. त्याला कोणी काढून टाकलें नाहीं. इंजिनाची घडणच बदलली. तेलाचे पंप आणि नॉझल अधिक नेमके झाले, आणि उपकोठडीवांचून तेल सरळ सिलिंडरांत, पिस्टनच्या डोक्यावरील खोलगट वाटींत, बारीक फवारतां येऊं लागलें. कोठडी गेली, भिंती कमी झाल्या, ऊब टिकूं लागली, आणि तेलहि कमी खर्चूं लागलें. डिझेलचे भाव चढूं लागले तसा हा शेवटचा गुण सर्वांत मोठा ठरला. महिंद्रच्या ट्रॅक्टरांच्या आंकड्यांमागें डी. आय. हीं दोन अक्षरें लागलीं तीं या बदलाचीं: डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे सरळ फवारणी. ४७५ डी. आय., ५७५ डी. आय. हीं नांवें धाराशिवच्या बाजारांत पोरांच्याहि तोंडीं असतात. पण त्या दोन अक्षरांनीं हीटर नाहींसा केला हें फार थोड्यांना ठाऊक असतें. निरोगी डी. आय. इंजिन या जिल्ह्याच्या कोणत्याहि पहांटे हीटरवांचून उठतें. न उठलें तर बॅटरीचीं टोंकें घासून पाहावीं, वंगण ऋतूला योग्य आहे का तें पाहावें, डिझेलच्या फिल्टरांत पाणी सांचलें आहे का तें पाहावें. बोळ्याला हात घालूं नये.

गंमत अशी कीं, गेलेला हीटर पुन्हां कोठें कोठें दिसूं लागला आहे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे कडक नियम लागू झाले. हे नियम पाळण्यासाठीं तेलाचा दाब आणि वेळ संगणकानें आंखणारीं इंजिनें आलीं, आणि त्यांतील कांहींत सुरवातीचा पांढरा धूर टाळावा म्हणून हीटर बसवितात. परंतु हा हीटर जुन्याचा वंशज असला तरी त्याची चाल निराळी. तो पेन्सिलीसारखा बंद नळींत असतो. प्रत्येकाची जोडणी स्वतंत्र, म्हणून एक गेला तरी बाकीचे चालतात. थोड्याच सेकंदांत तो तापतो, आणि किती वेळ तापावयाचें तें ड्रायव्हर नव्हे, यंत्र ठरवितें. समोर लाल होणारें वेटोळें नाहीं. एक लहानशी पिवळी खूण उजळते आणि विझते. ती विझली कीं सेल्फ मारावा. विझण्याआधीं घाई करणाऱ्यासहि इंजिन बहुधा साथ देतें, कारण पौषांतली पहांट असली तरी ती धाराशिवची असते.

जुने बी-२७५ अद्याप कोठें कोठें कडबा कापण्याच्या यंत्राला किंवा पाण्याच्या टाकीला जुंपलेले आढळतात. त्यांपैकीं एखाद्याच्या सिलिंडरच्या डोक्यावर हीटरच्या जागीं नुसता बोल्ट आवळून भोंक बुजविलेलें दिसतें, आणि समोरच्या फळीवरील वेटोळ्याच्या जाळींत गांधीलमाशीनें मातीचें घर केलेलें असतें.